नऊ ते नऊ पिंजऱ्यात? आमच्या सोसायटीच्या कमिटीस खुलं पत्र

मा. अध्यक्ष, सचिव आणि कमिटीचे सर्व सभासद यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी लिफ्टशेजारच्या फळ्यावर लागलेली नोटीस वाचली. ‘सकाळी नऊ ते रात्री नऊ या वेळात पाळीव कुत्रे घरातसुद्धा पिंजऱ्यात ठेवावेत. न ठेवणाऱ्यास रोज पाचशे रुपये दंड.’ खाली सही आणि शिक्का. नोटीस गुजरातीत आहे आणि मी उत्तर मराठीत लिहिते आहे, कारण मला भांडायला आणि समजूत घालायला मराठीच जमतं. गुजराती प्रत सचिवांच्या हातात दिली आहे. तशीही आपल्या बावन्न घरांतली निम्मी मराठी आहेत, आणि बाकीच्यांना बडोद्यात जन्म काढल्यावर मराठी कळत नाही असं कोणी म्हणू नये.

नोटीस कशामुळे निघाली ते मला माहीत आहे. मे २०२५ मध्ये अहमदाबादच्या हाथीजण भागात, आपल्यासारख्याच एका सोसायटीत, रॉटवायलर जातीच्या दांडग्या कुत्र्याने चार महिन्यांच्या बाळाचा जीव घेतला. ती बातमी वाचून मीही दोन रात्री नीट झोपले नव्हते. आपल्याकडे ए विंगमध्ये तान्हं बाळ आहे, त्याच्या आईने सभेत जे विचारलं ते विचारायचा तिला पूर्ण हक्क आहे. तेव्हा ‘कुत्रेवाल्यांना काय पडलंय’ हे वाक्य निदान माझ्या बाबतीत मागे घ्या.

पण नोटिशीत जो उपाय लिहिला आहे त्याने ते बाळ सुरक्षित होत नाही. अहमदाबादची घटना कोणाच्या दिवाणखान्यात घडली नव्हती. कुत्रा बाहेर आणला होता आणि त्याच्यावर ताबा राहिला नाही. म्हणजे ढिलाई पट्ट्यात झाली आणि तुम्ही कुलूप लावायला निघालात माझ्या स्वयंपाकघराला.

मी बासष्ट वर्षांची आहे आणि आयुष्यात तीन कुत्रे सांभाळले, तिघांना तीन तऱ्हांनी. त्यांतल्या दोन तऱ्हा चुकल्या. त्या सांगते, म्हणजे मी कोणत्या बाजूची वकील आहे हा प्रश्न उरणार नाही.

पहिला मोती, दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यातला. ‘आमच्या काळी कुत्रे मोकळे असायचे, काही होत नव्हतं’ असं सभेत जे ज्येष्ठ सभासद म्हणाले, त्यांच्यासाठी खास मोतीची गोष्ट. मोती खरोखरच मोकळा होता. सकाळी दिंडी उघडली की बाहेर, सुरसागर तलावाला एक चक्कर, वाटेत बेकरीवाल्याकडचा खारीचा चुरा, दुपारी ओट्यावर झोप, संध्याकाळी आरतीच्या वेळी बरोबर दारात. आप्पा कौतुकाने सांगायचे की दत्ताच्या पायाशी चार कुत्रे आहेत, एकाच्याही गळ्यात पट्टा नाही. (दत्तगुरू फ्लॅटमध्ये राहत नव्हते हे तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही.) मग एके दिवशी मोती दूधवाल्याच्या पोटरीला चावला. ते सत्तरचं दशक, मोतीला कसलीच लस दिलेली नव्हती, कोणी देतही नसे. दूधवाल्याला पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागली. आप्पा त्याला रोज सायकलवर डबलसीट दवाखान्यात नेत आणि परतताना एक शब्द बोलत नसत. तो बरा राहिला, पण त्याने आमचा रतीब बंद केला, आणि वाड्यातल्या चार घरांनी आमच्याशी बोलणं. पुढच्या पावसाळ्यात मोती एक दिवस गेला तो परतलाच नाही. गाडीखाली गेला, कोणी काठी घातली, की पालिकेच्या गाडीने उचलला, आम्हाला कधीच कळलं नाही. ‘काही होत नव्हतं’ म्हणतात ते हे. व्हायचं, फक्त ते आठवणीत ठेवायची पद्धत नव्हती.

दुसरा पग. एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीमुळे सगळ्यांना पग हवा होता त्या दिवसांतला. माझ्या मुलाने हट्ट धरला आणि मी नोकरीवर जाणारी बाई, मग दिवसभर त्याचं काय करायचं? दुकानदाराने पगबरोबरच केज विकला. लोखंडी जाळीचा, खाली पत्र्याचा ट्रे. ‘बेन, यात टाका आणि निश्चिंत जा.’ मी टाकलं आणि निश्चिंत गेले. केज ठेवला गॅलरीत, कारण घरात वास नको. गॅलरी पश्चिमेची. बडोद्याचा मे महिना मी तुम्हाला समजावून सांगायला नको.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, थोडाफार येतो तो पंजांच्या तळव्यांना. बाकी बहुतेक उष्णता तो धापा टाकून, जिभेवरून आणि श्वासातून बाहेर टाकतो. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याची श्वासाची वाटच अरुंद, त्यामुळे तो कितीही धापला तरी नीट गार होत नाही. त्यात पाण्याचं भांडं त्याने सकाळीच उलथवलेलं, पायाखाली तापलेला पत्रा आणि सावलीत सरकायला जागा नाही. मी चार वाजता आले तेव्हा त्याची जीभ जांभळी पडली होती. जनावरांच्या डॉक्टरांनी ताप पाहिला, एकशेसात फॅरनहाइटच्या वर. निरोगी कुत्र्याचा असतो साधारण एकशेएक ते एकशेअडीच. तो वाचला, पण नंतर कधी जिन्याचा एक मजला धाप न लागता चढला नाही. डॉक्टर मला रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. एवढंच म्हणाले, ‘ताई, पिंजरा वाईट नाही हो. पण त्याचं दार कोण उघडतं आणि कधी, यावर सगळं असतं.’

तुमची नोटीस बारा तासांची आहे, म्हणून हे सविस्तर लिहिलं. बारा तास! तीन-चार महिन्यांचं पिल्लू चार तासांच्या पुढे लघवी धरू शकत नाही. मोठा कुत्रा धरतो, पण धरतो याचा अर्थ त्याला त्रास होत नाही असा नव्हे. स्वीडनमध्ये नियम आहे की कुत्र्याला दिवसा निदान दर सहा तासांनी बाहेर काढलं पाहिजे, आणि तिथे व शेजारच्या फिनलंडमध्ये घरात कुत्र्याला पिंजऱ्यात कोंडून ठेवण्यावर कायद्यानेच बंधन आहे. उलट अमेरिकेत घरोघरी क्रेट, म्हणजे कुत्र्याचा घरातला पिंजरा, असतो आणि तिथली माणसं काही कसाई नव्हेत. जगात दोन्ही मतं आहेत. पण क्रेटच्या बाजूने बोलणारेसुद्धा सकाळी नऊ ते रात्री नऊ असं कुठे म्हणत नाहीत.

आता तिसरी, बुंदी. तुम्ही सगळे हिला ओळखता. आपल्याच गेटबाहेरच्या कुत्रीचं पिल्लू, पिवळसर अंगावर ठिपके म्हणून बुंदी. ही आणली तेव्हा पगचा केज भंगारात घालून मला बरीच वर्षं झाली होती आणि मी शपथ घेतली होती की पुन्हा पिंजरा नाही. तिसऱ्या दिवशी तिने चार्जरची वायर चावली. वीज बंद होती म्हणून निभावलं. पिल्लाचे दात साधारण तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान बदलतात, तेव्हा हिरड्या शिवशिवतात आणि समोर येईल ते तोंडात जातं. चपला, सोफ्याचा कोपरा, उंदराच्या गोळ्या, काहीही. ‘घरात मोकळं सोडा, प्रेम करा’ म्हणणाऱ्यांनी एकदा तरी असं पिल्लू सांभाळावं. तेव्हा गुपचूप जाऊन क्रेट आणला. या वेळी प्लॅस्टिकचा, छत्तीस इंची, म्हणजे ती मोठी झाल्यावरही आत उभी राहील, वळेल, पाय ताणून झोपेल. कमी जागेचा घेऊ नये, लहान पिल्लाला फार मोठाही देऊ नये, नाहीतर ते एका कोपऱ्यात घाण करून दुसऱ्यात झोपतं. मध्ये पुठ्ठा लावून जागा कमी केली की झालं.

पहिला आठवडा क्रेटला दारच लावलं नाही. आत जुनी गोधडी आणि जेवणाचं भांडं. दुसऱ्या आठवड्यात दार लोटायचं, पाच मिनिटांनी उघडायचं, मी समोर बसून भाजी निवडत. तिसऱ्या आठवड्यात अर्धा तास. शिक्षा म्हणून एकदाही आत घातलं नाही, कारण एकदा घातलं की ती तुरुंगाची कोठडी होते, मग आतला लाडूही उपयोगाचा नाही. आता बुंदी चार वर्षांची आहे. कुकरची शिट्टी झाली, उत्तरायणाला गच्चीवर भोंगे लागले, दिवाळीत सुतळी बॉम्ब फुटला की आपण होऊन क्रेटमध्ये जाऊन बसते. दार उघडंच असतं. रात्री तिथेच झोपते. दिवसा घरभर फिरते आणि बहुतेक वेळ पंख्याखालच्या फरशीवर पालथी पडलेली असते. कोणी पाहुणा कुत्र्याला घाबरणारा आला तर ती तासभर आत, दार लावून, आणि कुरकुर नाही. ए विंगच्या बाळाची आई आली होती तेव्हा हेच केलं, तिला विचारा.

ऑगस्ट २०२४ ची आठवण काढल्याशिवाय मात्र हे पत्र पुरं होणार नाही. आपली विश्वामित्री नदी धोक्याची पातळी ओलांडून पस्तीस फुटांच्या वर गेली आणि समा, कारेलीबाग, फतेगंज, अकोटा सगळं पाण्यात. जन्माष्टमीची रात्र. माझं घर तळमजल्यावर, अकराच्या सुमारास मोरीतून पाणी उलटं येऊ लागलं. वीज गेलेली. मी बुंदीला हाक मारली, ती क्रेटमध्येच होती, दार लावलं, आणि वरच्या मजल्यावरच्या दोन पोरांनी तिला क्रेटसकट उचलून चौथ्या मजल्यावर नेलं. दोन दिवस आम्ही अकरा माणसं, एक मांजर आणि एक कुत्री एका फ्लॅटमध्ये होतो. मोकळी असती तर मांजराने किंवा तिने, कोणीतरी जीव दिला असता. तेव्हा मी त्या प्लॅस्टिकच्या डब्याला हात जोडले.

त्याच रात्री बी विंगच्या तळमजल्यावर काय झालं तेही तुमच्यापैकी निम्म्यांनी पाहिलं. घरची मंडळी सणासाठी सुरतेला गेलेली. कुत्रा मागच्या चोकडीत, म्हणजे धुणं-भांड्यांच्या जागेत, तारेच्या पिंजऱ्यात, कडी घातलेली. त्यांनी हलगर्जी केली असं मी म्हणत नाही, दोन वेळा येऊन पाहायला बाई ठेवली होती. पण रस्त्यावर कमरेएवढं पाणी असताना ती कशी येणार? कुत्रा भुंकत होता तोवर कोणाच्या लक्षात नाही, कारण त्या रात्री सगळं शहरच ओरडत होतं. तो भुंकायचा थांबला तेव्हा वॉचमन आणि पहिल्या मजल्यावरचा मुलगा खिडकी तोडून आत गेले. पाणी पिंजऱ्यात त्याच्या छातीपर्यंत आलं होतं आणि कडी पाण्याखाली अडकून बसली होती. पान्याने उपटून काढली. तो कुत्रा आज जिवंत आहे. पण घरात कोणी नसताना कडी घातलेला पिंजरा म्हणजे काय, हे ज्या कमिटीच्या डोळ्यांदेखत घडलं, त्याच कमिटीने नऊ ते नऊ लिहावं याचं मला खरंच आश्चर्य वाटतं. पाणी ओसरताना शहरभर मगरी सापडत होत्या, वनखात्याची गाडी आपल्या मागच्या गल्लीतही येऊन गेली. आजवा धरण पुन्हा भरणार आहे आणि विश्वामित्री आपल्या नोटिशीची वेळ बघून येणार नाही.

राहता राहिला तिसऱ्या मजल्यावरचा बीगल, ज्याच्या आवाजामुळे निम्म्या तक्रारी आल्या. त्याबद्दल स्पष्ट लिहिते, त्याचे मालक रागावले तरी चालेल. तो कुत्रा तुमच्या नोटिशीच्या आधीपासूनच नऊ ते सात पिंजऱ्यात असतो. म्हणूनच तो केकाटतो! बीगल हा शिकारी टोळीत, दिवसभर वासामागे पळण्यासाठी तयार केलेला कुत्रा. त्याला तीन फुटांत दहा तास ठेवलं तर तो काय भजन म्हणेल? मी एकदा किल्ली मागून आत गेले होते. तो पिंजऱ्यात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोन पावलं, वळण, दोन पावलं, वळण, असा चालला होता. मी आत आले तरी थांबला नाही. लहानपणी कमाटीबागेतल्या प्राणिसंग्रहालयात आप्पांबरोबर जायचे तेव्हा जुन्या पिंजऱ्यातला अस्वल असाच चालायचा, आणि मला वाटायचं तो नाचतोय. त्या बीगलचे पुढचे दोन दात जाळी चावून तुटले आहेत. तुमचा नियम लागू झाला तर आपल्याकडे एकाऐवजी नऊ बीगल होतील.

आता कायदा, कारण नोटिशीत ‘नियमानुसार’ असा शब्द आहे. कोणत्या नियमानुसार? १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा उघडून पाहा, कलम ११. प्राण्याला पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात ठेवणं, अवाजवी वेळ आखूड किंवा जड साखळीने बांधून ठेवणं, हे त्यात क्रूरतेच्या यादीत आहे. आणि त्याच कलमात कुत्र्याचं वेगळं नाव घेऊन लिहिलंय की नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला जो मालक वाजवी व्यायाम देत नाही तोही दोषी. म्हणजे तुमची नोटीस पाळली तर मी सरकारची गुन्हेगार, न पाळली तर तुमची. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्ये सोसायट्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, सर्वसाधारण सभेत बहुमत झालं तरी. लिफ्ट वापरू नका म्हणता येत नाही. कुत्रा भुंकतो हे त्याला काढायला पुरेसं कारण नाही. विष्ठा उचलण्याची विनंती करता येते, पण त्याबद्दल दंड लावता येत नाही असंही त्यात आहे, आणि इथे मात्र माझं मंडळाशी पटत नाही. ज्याला कुत्रा पाळायचा त्याने उचललंच पाहिजे, दंड असो वा नसो.

घाबरणाऱ्यांच्या बाजूनेही कायदा आहे, तो फळ्यावर लावा. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे आपल्या प्राण्यापासून माणसाला धोका होऊ नये याची काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. हे मालकांना कळू द्या. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने तेवीस जातींवर बंदी घाला असं राज्यांना कळवलं होतं, रॉटवायलर त्यात होता. कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक पुढच्याच महिन्यात रद्द केलं. त्यामुळे जातीचा वाद सभेत उकरण्यात अर्थ नाही, पट्ट्याचा वाद उकरा.

माझ्या उंबऱ्याच्या बाहेर तुम्ही जितके कडक व्हाल तितकी मी तुमच्या बाजूला उभी राहीन. जिना, लिफ्ट, पार्किंग, बाग, कुठेही पट्ट्याशिवाय कुत्रा नको, मालक कितीही म्हणो की ‘ए काही करणार नाही हो’. मोतीबद्दल आप्पाही हेच म्हणायचे. पट्टा दोन मीटरपेक्षा लांब नको, आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला कुत्र्याला आवरू शकेल असं माणूस हवं, आठ वर्षांची मुलगी किंवा फोनवर बोलणारा मुलगा नको. लिफ्टमध्ये आधीच कोणी असेल आणि ते नको म्हणालं तर कुत्रेवाल्याने पुढची लिफ्ट घ्यावी. दरवर्षी रेबीजच्या लशीचा कागद सचिवांना दाखवावा, मी बुंदीचा या पत्रासोबत जोडला आहे. दिवसभर घरी कोणी नसेल तर दुपारी कुत्र्याला फिरवायला माणूस ठेवावा. आपल्या वॉचमनचा धाकटा भाऊ हे काम करायला तयार आहे, मी विचारलं आहे, आणि बीगलच्या मालकांनी हो म्हटलं तर पहिल्या महिन्याचे पैसे मी देईन.

उंबऱ्याच्या आत मात्र क्रेट ठेवायचा की नाही, दार लावायचं की नाही, ते त्या घरावर सोडा. शिकवायचं असेल तर या, मी शिकवीन. रविवारी अकराला सभा आहे, मी येते आहे. नोटीस तोपर्यंत उतरवली असेल तर चहा माझ्याकडून, शेव-उसळीसकट.

आपली,
तळमजल्यावरची रहिवासी आणि बुंदीची आई

ता. क. : मागच्या शनिवारी गेटच्या उतारावर जी घाण होती, जिच्यामुळे सचिवांचा पाय घसरला, ती बुंदीचीच होती. तिला जुलाब झाले होते आणि मी पाण्याची बादली आणायला गेले तेवढ्यात ते आले. मी तेव्हा बोलले नाही. माफ करा. चपलांचे पैसे पाकिटात घातले आहेत.